मूळ रंगाची चिकित्सित आवृत्ती

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायला निघालेल्या माणसाची दृष्टी सौदा ठरेपर्यंत पार उलटी होते, आणि एरवी शर्टावरचा बारीकसा डाग दाखवून दुकानदाराकडे सूट मागणारा हाच गृहस्थ गाडीच्या नाकावर खड्यांनी उडवलेले रंगाचे टवके दिसताच समाधानाने मान डोलावू लागतो. चाळीस वर्षे वेगाने धावलेल्या गाडीला टवके असायचेच; ते नसतील तर गाडी धावलीच नाही किंवा तिला नव्याने रंग दिला गेला, असे दोनच निष्कर्ष संभवतात, आणि त्यांपैकी पहिल्यावर विक्रेत्याखेरीज कोणी विश्वास ठेवत नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील पंडितांनी महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना असंख्य हस्तलिखिते ताडून मूळ संहिता आणि प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसडलेला, मजकूर वेगळा केला, आणि त्यासाठी काही दशके घेतली. गाडीच्या ग्राहकाला तेच काम एका दुपारी, एकाच प्रतीवर, आणि प्रक्षेपकर्ता शेजारी चहाचा आग्रह करीत उभा असताना उरकावे लागते.

प्रक्षेप सापडतो तो मधल्या गुळगुळीत भागात नव्हे, तर कडांना. कारखान्यात रंग चढतो तेव्हा सांगाड्यावर रबर, दिवे वगैरे बहुतेक काहीच बसवलेले नसते. गॅरेजमध्ये मात्र या वस्तू चिकटपट्टी आणि कागद लावून झाकाव्या लागतात, त्यामुळे पट्टी जिथे संपली तिथे नखाला जाणवेल इतकी बारीक पायरी उरते आणि उडालेला फवारा दाराच्या रबरावर किंवा चाकामागच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. बॉनेटच्या बिजागरीवरील बोल्टचा रंग पान्याने खरवडलेला असेल, तर बॉनेट कधीतरी उतरवले होते एवढे निश्चित होते. का उतरवले, याचे उत्तर विक्रेत्याच्या प्रतिभेवर अवलंबून असते.

याहून वस्तुनिष्ठ पुरावा हवा असणारे लोक रंगाची जाडी मोजणारे खिशातले यंत्र बाळगतात. ते पोलादावर चुंबकीय तत्त्वाने, तर ॲल्युमिनियमवर भोवरी विद्युत्प्रवाहाच्या तत्त्वाने चालते आणि आकडा मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, सांगते. आधुनिक गाडीचा कारखान्यातला रंग साधारणतः १०० ते १८० मायक्रॉन जाड असतो. एका दारावर १२० आणि शेजारच्या दारावर ३०० आले तर दुसऱ्या दाराला दुसऱ्यांदा रंग मिळालेला असतो, आणि आकडा हजाराच्या घरात गेला तर रंगाखाली पुट्टी, म्हणजे पोचे बुजवण्याचा लेप, आहे असे समजावे.

शेवरोले कंपनीच्या कॉर्व्हेटपुढे मात्र हे शास्त्र हात टेकते. या अमेरिकन गाडीचे बाह्यांग पहिल्यापासून फायबरग्लासचे, म्हणजे काचतंतू आणि रेझिन यांच्या मिश्रणाचे, असल्याने तिला चुंबक चिकटत नाही आणि नेहमीचे यंत्र मौन पाळते. श्राव्यातीत ध्वनीवर चालणारे महागडे यंत्र तिथे उपयोगी पडते. ते नसल्यास ग्राहकाने चांगले कपडे घरी ठेवून गाडीखाली शिरावे. साच्यात दाबून घडवलेले कारखान्याचे पत्रे (पत्रा नसलेल्या वस्तूला दुसरे काय म्हणावे!) आतूनही गुळगुळीत असतात, उलट अपघातानंतर हाताने थापून केलेल्या भागाच्या आतल्या बाजूला तंतूंची खरखर दिसते.

बंपरवरून निदान करू जाणाऱ्याची तर हमखास फसगत होते. १९७३ मध्ये कॉर्व्हेटला पुढे आणि १९७४ मध्ये मागेही लवचिक युरेथेनचे रंगवलेले बंपर आले, पण त्यांचा रंग अंगाच्या रंगाशी कारखान्यातून बाहेर पडतानाच पुरता जुळत नसे. म्हणजे येथे विसंगती हाच अस्सलपणाचा लक्षणविशेष ठरू शकतो. हा तर्क कळसाला नेण्याचे श्रेय १९७४ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीकडे जाते. तिचे परीक्षक गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे का हे मुख्यतः पाहत असल्याने, कारखान्याला कधी जमली नव्हती इतकी सफाई आढळल्यास गुण कापले जातात. परिणामी निष्णात कारागिरांना रंगकामातला हलगर्जीपणा मेहनतीने शिकावा लागतो, आणि मालकाला त्याची मजुरीही चोख द्यावी लागते.

एवढा खटाटोप सांगून झाल्यावर हेही नमूद केले पाहिजे की दुसरा रंग म्हणजे गुन्हा नव्हे. जुन्या कॉर्व्हेटवरचा लॅकर, म्हणजे द्रावक उडून जाऊन वाळणारा रंग, वयोमानाने तडकतो, त्यामुळे मालकाने तो केव्हातरी बदलला असेल तर त्यात नवल नाही. कामाची बिले आणि मधल्या अवस्थेतली छायाचित्रे दाखवणाऱ्या विक्रेत्याशी भावाची घासाघीस करावी, भांडण करू नये. कागद नाहीत आणि गाडी मात्र धुऊन, ओली, संध्याकाळच्या उजेडात दाखवली जात असेल, तर चहाचे आभार मानून निघावे.

एका वर्षाच्या गाडीसाठी मात्र यंत्र, टॉर्च वा चुंबक कशाचीच गरज पडत नाही: १९५३ मध्ये बनलेल्या ३०० च्या ३०० कॉर्व्हेट पोलो व्हाइट या एकाच पांढऱ्या रंगात निघाल्या होत्या, तेव्हा त्या सालातली मूळ रंगाची निळी कॉर्व्हेट कोणी देऊ केली तर घेऊ नये.