नाना आणि त्यांची कंपनी

नानांच्या घरात कुठल्याही कागदाची एकच प्रत असणं हा गुन्हा आहे. रेशनकार्डाच्या ढीगभर झेरॉक्स, त्यातल्या दोन साक्षांकित, एक लॅमिनेट केलेली, आणि त्या लॅमिनेट केलेलीची पुन्हा झेरॉक्स. वीज मंडळातून निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला, पण 1987 सालच्या बदलीच्या आदेशाची स्थळप्रत अजून अर्ध्या मिनिटात हातात देतील.

असे हे नाना डोंबिवलीत वधूवर सूचक मंडळ चालवतात, आणि मंडळाच्या वेबसाइटची त्यांच्याकडे एकही प्रत नव्हती. का? तर "ते कंपनी बघते."

कंपनी म्हणजे वर्षाला तीन हजार घेऊन साइटला सर्व्हरवर जागा देणारी. एवढ्या पैशात मिळतं ते सामायिक होस्टिंग. एकाच सर्व्हरवर शेकडो साइट दाटीवाटीनं राहतात आणि कोण कुणाला ओळखत नाही. नानांच्या डोळ्यांसमोर मात्र पांढऱ्या शर्टातला एक इंजिनिअर होता. रोज संध्याकाळी तो मंडळाची स्थळं मोजायचा, कुलूप ओढून बघायचा आणि मगच सहाची गाडी पकडायचा.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी कुणीतरी साइटमध्ये घुसलं. पुतण्यानं साइट बनवून दिली आणि तो नोकरीला बंगळुरूला गेला, तेव्हापासून तिचं एकही प्लगइन अपडेट झालेलं नव्हतं. घुसायला कौशल्य लागलं नसणार. पण कळणार कुणाला? गणपतीत सगळे आरत्यांत, आणि पुढे पितृपक्ष. पितृपक्षात स्थळं कोण बघतो! घटस्थापनेला एका मुलाच्या वडिलांचा फोन आला, "नाना, उपवर मुलींच्या यादीत बूट दिसतायत. तेही जपानीत."

नानांनी कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आपली बाजू बरोबर असली की ते स्पीकर चालू करतात. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. बॅकअप आहे सर, म्हणाली. नानांनी विजयी मुद्रेनं आमच्याकडे पाहिलं. दर रविवारी घेतो सर, आणि नवा घेतला की जुना पुसतो. म्हणजे गणपतीपासून दर रविवारी कंपनीनं जपानी बुटांची इमानदारीनं प्रत काढून ठेवली होती. स्वच्छ साइटची शेवटची प्रत श्रावणाबरोबरच गेली.

"मग जबाबदारी कोणाची?" नाना गरजले.

"तुमची सर. अटींमध्ये आहे."

होतं खरं. बहुतेक होस्टिंगवाल्यांच्या अटींत असतं, की आम्ही बॅकअप घेतलाच तर तो सौजन्य म्हणून, आपल्या माहितीची प्रत ग्राहकानं स्वतः ठेवावी, आणि भरपाई द्यायची वेळ आलीच तर भरलेल्या फीच्या पुढे नाही. विम्याच्या पॉलिसीची मागची बाजू भिंगातून वाचणाऱ्या नानांनी इथे न वाचता 'मान्य'वर टिचकी मारली होती. वर्षानुवर्षं त्यांच्यासारखी माणसं बघतोय. कागदावर छापलेली अट त्यांना सापळा वाटते, पडद्यावरची नक्षी.

नानांनी मग बँकेच्या लॉकरचा दाखला काढला, आणि तो चुकीचा नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेला लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत भरपाई द्यावी लागते. "तीन हजार गुणिले शंभर," नाना म्हणाले. कंपनीनं एक महिना मुदत वाढवून देऊ केली.

मी त्यांना फ्रान्सची गोष्ट सांगितली. 10 मार्च 2021 च्या पहाटे स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळून गेलं, लाखो साइट बंद पडल्या, आणि कंपनीच्या संस्थापकानं त्याच सकाळी ग्राहकांना कळवलं की आपापली आपत्कालीन योजना सुरू करा. ज्यांच्याकडे योजना होती त्यांनी केली. पण एका ग्राहकानं बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते, आणि कंपनीनं तो बॅकअप ठेवला होता त्याच जागी. आगीला दोन्ही एकदमच सापडले. 2023 मध्ये लीलच्या व्यापारी न्यायालयानं त्या ग्राहकाला एक लाख युरोंहून जास्त भरपाई मंजूर केली.

नाना खुर्चीच्या टोकावर आले. "म्हणजे आपण केस करू!"

"त्यानं बॅकअपचे पैसे भरले होते, नाना."

पुतण्यानं बंगळुरूहून जुनी पावती काढून पाठवली. बॅकअपची सेवा महिना दीडशे रुपये. कंपनीनं आधीच टिक करून ठेवली होती, नानांनी ती काढली होती. "न विचारता टिक मारतो तो लबाडच असतो," यावर ते आजही ठाम आहेत. हे त्यांचं म्हणणं मला पटतं. बाकी काही नाही.

शेवटी पुतण्याकडेच एक पेनड्राइव्ह निघाला, साइट सुरू झाली तेव्हाचा. नानांनी तो उत्साहानं चढवला आणि खरा गोंधळ तिथून सुरू झाला. बारशी होऊन गेलेल्या मुली पुन्हा उपवर झाल्या. मुलुंडहून एका सासूबाईंचा फोन आला, "आमच्या सूनबाईंचं स्थळ तुमच्याकडे कसं? आणि अपेक्षेत 'पुण्यात स्वतःचा फ्लॅट' लिहिलंय, ते आम्हाला कधी बोलली नाही!" ते लग्न टिकलं आहे, पण नाना मुलुंडला जाणं टाळतात.

आता ते दर शनिवारी साइटची प्रत उतरवून घेतात, एक घरी आणि एक बहिणीकडे ठाण्याला. शिवाय मंडळाच्या नोंदणी पावतीवर खाली, बारीक अक्षरांत, नवी ओळ छापली आहे: 'स्थळाच्या माहितीच्या जतनाची जबाबदारी मंडळावर राहणार नाही. आपली प्रत आपण ठेवावी.'