ठरलं का बावा?

(मंचावर एक बाकडं, स्टोव्ह, चहाची किटली. खांद्यावर दुपट्टा टाकलेला हॉटेलवाला बाकडं पुसत येतो.)

या, बसा! मेळघाटातलं सेमाडोह हाय हे. परतवाड्याहून धारणीले जानारा मानूस अठी थांबतेच. इकडी वळलं तं चिखलदरा, सामने गेलं तं कोलकास, हरिसाल. म्हनून अख्ख्या वऱ्हाडाचं ठरवनं माह्या ह्या बाकड्यावर होते.

अन् आपलं ठरवनं म्हंजे! आपल्याकडं 'नाही' कोनी म्हनत नाही. 'पाहू' म्हनते. 'पाहू' म्हंजे नाही. 'पाहू ना' म्हंजे कदीच नाही. अन् 'पाहू ना बावा' म्हनला, का समजा, आता तो फोनबी उचलत नाही! 'इचार करतो' म्हनला, त्यानं इचार सोडला. 'एकदम पक्कं' म्हनून टाळी देली, त्याच्या घराले दुसऱ्या रोजी कुलूप!

परवा अमरावतीची गाडी आली. नवरा म्हने, "कोलकासले जाऊ, सिपना नदी पाहू." बायको म्हने, "चिखलदऱ्याले जाऊ, गाविलगड पाहू." अर्धा घंटा झाला, चहा थंडा झाला, हे दोघं गरम! मांगून म्हातारी म्हने (थरथरत्या आवाजात), "मले काय बाई, तुमी न्यासान तिकडं येतो. फकस्त मोथ्याचा खवा घेऊन द्या."

मोथा हाय चिखलदऱ्याजवळ. गाडी वळली चिखलदऱ्याले! ठरवलं कोनी? म्हातारीनं! अन् 'ठरवलं' हा शब्दबी तोंडातून नाही काढला!

एक पोट्टं इचारते, "काका, वाघ दिसन का?" म्या म्हनलं, "बेटा, देशातल्या पयल्या नऊ व्याघ्र प्रकल्पाइत आपलं मेळघाट हाय. पन वाघ आपल्यासारखा 'पाहू' म्हनत नाही. तो झुडपातून पाहूनच राह्यला असते!"

रेल्वेच्या मोठ्या साहेबाइचं ठरवनंबी तसंच. अकोला-खांडवा छोटी गाडी मेळघाटातून जाये. धुळघाटाले तं असा येढा मारे, का रूळ सोताच्याच डोक्यावरून जाये! मंग ठरलं, मोठी लाईन कराची. छोटी गाडी 2017 मंधी बंद झाली. मोठी अकोटपर्यंत झाली. पुढं न्याची कशी, जंगलातून का बाहेरून? बसले साहेब! वाघ म्हने, "तुमचं चालू द्या, तवरोक मी रुळावर पाय मोकळे करतो."

अन् एकडाव पोट्टी पाह्याचा कार्यक्रम, ह्याच बाकड्यावर! पोराकडचे अकरा जन. आजा, काका, मामा, मावशी, मावशीचा जावई. रबडीवर रबडी! शेवटी पोराचा बाप मिशी पुसत म्हने, "घरी इचारून सांगतो."

(बाकड्याकडे हात करून) अहो, घरी उरलं कोन? घर तं अठी बसून रबडी चाटून राह्यलं!

तवा पोट्टी उठली. पदर नाही, लाजनं नाही. म्हने, "मले इचारा ना! माहं ठरलं. नाही."

(दचकून दोन पावलं मागे) सारे असे हादरले, जसा वाघच निंघाला! मावशी म्हने, "अवो माय! असं तोंडावर बोलते का कोनी?"

झालं. हे तोंड इकडी, ते तोंड तिकडी. मंग म्या बिल आनलं. म्हनलं, कोन देते?

तवा पयल्यांदा दोन्हीकडच्याइचं एकमत झालं.

(हात जोडून, दोन्ही बाजूंना मान डोलवत) "पाहू ना बावा!"

(अंधार.)