अकरावीचा प्रवेश

जुना कॉम्प्युटर नवं विंडोज चालवू शकतो का? उत्तर सोपं आहे. कॉम्प्युटर चालवू शकतो, कंपनी चालवू देत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सांभाळ संपला. त्या रात्री कोणाचा पीसी बंद पडला नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या यायच्या थांबल्या. ही दहावी २०१५ मध्ये आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने भर परिषदेत ती विंडोजची शेवटची आवृत्ती असल्याचं सांगून टाकलं होतं. २०२१ मध्ये अकरावी आली. आणि अकरावी म्हटली की कट-ऑफ आलाच.

कागदावर मागणी अगदी माफक. एक गिगाहर्ट्झचा दोन कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा. एवढं तर कोपऱ्यातल्या दुकानात दहा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेल्या पीसीतही असतं. मेख पुढे आहे. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, सिक्युअर बूट हवं, शिवाय प्रोसेसरचं नाव मायक्रोसॉफ्टच्या यादीत हवं. इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका, तिथून पुढच्यांना प्रवेश. आधीच्यांनी घरी बसावं.

आता ही गुणवत्ता यादी जरा वाचू. इंटेलचा कोअर आय-७ ७७००के, जानेवारी २०१७ चा. चार कोअर, ४.२ गिगाहर्ट्झ. प्रवेश नाही. त्याच वर्षाच्या शेवटी आलेला सेलेरॉन एन४०००: दोन कोअर, १.१ गिगाहर्ट्झ, ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की धाप लागते. सन्मानाने प्रवेश. आठव्या पिढीचा आय-५ ८२५०यू यादीत आहे, सातव्या पिढीचा आय-५ ७२००यू नाही. दोघांचा मूळ आराखडा मात्र एकच, काबी लेक. सातव्या पिढीतलेही मोजके नशीबवान आत गेले. त्यातला एक आय-७ ७८२०एचक्यू. तो बसतो सरफेस स्टुडिओ २ या पीसीमध्ये. आणि सरफेस स्टुडिओ २ कोण विकत होतं? मायक्रोसॉफ्ट. इन-हाउस कोटा म्हणतात तो हाच.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही. डिस्कच्या कुलपाची किल्ली टीपीएम स्वतःजवळ ठेवतं, त्यामुळे लॅपटॉप चोरीला गेला तरी आतली माहिती चोराच्या हाती सहजी लागत नाही. विंडोज सुरू होण्याआधीच घुसू पाहणाऱ्या व्हायरसला सिक्युअर बूट अडवतं. सगळं मान्य. पण टीपीएम २.० सहाव्या-सातव्या पिढीच्या कितीतरी पीसींतही आहे, आणि ते तरीही बाहेरच. बरं, सुरक्षेची एवढीच काळजी असेल, तर चालत्या-बोलत्या पीसींच्या दुरुस्त्या बंद करून त्यांना उघड्यावर सोडणं कुठल्या काळजीत बसतं? यापायी जगभरात २४ कोटी पीसी भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ मध्येच केला होता.

गंमत म्हणजे एकेकाळी हीच कंपनी नेमकं उलटं करून बसली होती. २००६ मध्ये विंडोजची व्हिस्टा आवृत्ती यायची होती आणि तोळामासा तब्येतीच्या पीसींवरही ‘व्हिस्टा चालेल’ अशा अर्थाचे स्टिकर लागले. प्रत्यक्षात त्यांतल्या अनेकांवर चालली ती फक्त सगळ्यांत साधी, चमकधमक काढून टाकलेली व्हिस्टा. ग्राहक कोर्टात गेले. तिथे कंपनीचे आतले ईमेल बाहेर आले, आणि २,१०० डॉलरचा लॅपटॉप आता नुसता ईमेल पाहायच्या कामाचा उरला, अशी खुद्द एका उपाध्यक्षाची तक्रार जगाने वाचली. तेव्हा न चालणाऱ्याला ‘चालेल’, आता चालणाऱ्याला ‘चालणार नाही’. दोन्ही वेळा निकालाचा अर्थ एकच निघतो: नवा पीसी घ्या.

तर मग करायचं काय? आधी बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये, डोकावा. आठव्या पिढीचे पीसीही कित्येकदा ‘अपात्र’ ठरतात, कारण टीपीएम असतं पण बंद असतं. इंटेलमध्ये ते पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम नावाने दडलेलं असतं. ते चालू केलं की अपात्राचा पात्र होतो. तरीही नाहीच जमलं, तर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी एका वर्षाच्या वाढीव दुरुस्त्यांची पुरवणी परीक्षा ठेवली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. फी ३० डॉलर, किंवा आपल्या पीसीच्या सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवायला तयार असाल तर फुकट. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज चढवला आणि तिथली ही अटही गेली. म्हणजे दुरुस्त्या फुकट देता येत होत्या तर.

गल्लीतला पोरगा आडवाटेने अकरावी टाकून देईल. ती चालेलही. मात्र मायक्रोसॉफ्ट अशा पीसीला पुढच्या अपडेटची हमी देत नाही, आणि २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून फारच जुने प्रोसेसर खरोखरच चालेनासे झाले, कारण त्यांना काही आज्ञाच कळत नाहीत. निदान तिथे तरी नापास होण्याचं कारण खरं आहे.

राहता राहिलं लिनक्स, म्हणजे विंडोजलाच पर्याय. नाव काढलं की आपल्याकडे लोक देवधर्म बदलायला सांगितल्यासारखे बिचकतात. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं त्यावरच शिकताहेत. ब्राउझर, ईमेल, यूट्यूब, घरचा हिशेब एवढंच काम असेल, तर हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, वर लिनक्स मिंट चढवा. आय-५ ७२००यू तरुण होतो. अडचण येते ती टॅलीवाल्याला आणि जुन्या मराठी फॉन्टांत लग्नपत्रिका जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याला. त्यातला डीटीपीवाला निर्धास्त आहे. त्याचं दुकान अजून विंडोज एक्सपीवर चालतं, जिचा सांभाळ एप्रिल २०१४ मध्येच संपला, आणि त्या पीसीला इंटरनेटची वायर जोडायचा मूर्खपणा त्याने कधी केलेला नाही.

तेव्हा पुढचा पीसी घेताना दुकानदाराला ‘हा किती वर्षं चालेल?’ असं विचारू नका. ‘हा किती वर्षं चालू देतील?’ असं विचारा. उत्तर त्याला दोन्हीचं ठाऊक नसतं, पण दुसऱ्या प्रश्नाला तो निदान थाप मारायच्या आधी दोन क्षण थांबेल.