हवा, गंज आणि सुभेदार

देवळाली कॅम्पला माणसं हवा खायला जातात. मुंबईच्या पारशी, गुजराती आणि जैन मंडळींनी इथं आरोग्यभवनं बांधली ती या हवेसाठीच. समुद्रसपाटीपासून उंची साधारण 550 मीटर, हवा कोरडी, भूक लागते, झोप लागते, आणि मुंबईला परतल्यावर दोन्ही जातात. मला मात्र हवा खायला कुणी बोलावलं नव्हतं. साडूंचा फोन आला तो असा : "पाहुणे, निघा. येताना बारीक स्टीलवूल आणा. इथलं जाड आहे."

साडू तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. नोकरी सुटली तरी तोफांच्या आवाजाशिवाय झोप येईना, म्हणून त्यांनी तोफखान्याच्या शाळेच्या गावातच घर केलं. सध्या त्यांच्या अंगणात एक जुनं कोळशाचं ग्रिल आलं होतं आणि ते पूर्वस्थितीला आणण्याची मोहीम सुरू होती. मोहिमेला जवान हवा होता.

कसाऱ्याला गाडी थांबली. थळ घाटात 37 फुटांमागे 1 फूट चढ. एकट्या इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून मागून ढकलायला आणखी इंजिनं जोडतात. तेवढ्या वेळात समोरच्या काकूंची नजर माझ्या पिशवीतल्या स्टीलवूलवर गेली.

"भांड्यांचा धंदा का?"

"नाही, सासुरवाडीला चाललोय."

काकू गप्प झाल्या. मग त्यांनी डब्यातली एक दशमी काढून माझ्या हातावर ठेवली आणि इगतपुरी येईपर्यंत आपल्या यजमानांकडे वेगळ्याच नजरेनं बघत राहिल्या.

नाशिक रोडला उतरून रिक्षा केली. लॅम रोड लागला की झाडं वाढतात, कंपाउंडं लांबतात आणि रिक्षावाल्याचा हॉर्न आपोआप कमी होतो. इंग्रजांच्या काळात मुदत संपलेले गोरे शिपाई याच कॅम्पात मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत बसायचे. जहाजं हिवाळ्यातच सुटायची. ज्याची मुदत मार्चनंतर संपली त्याचा अख्खा उन्हाळा आणि पावसाळा इथंच. काम नाही, कवायत नाही, पुढं जहाज नाही. त्यांच्या डोक्याचं काय झालं ते इंग्रजी शब्दकोशात या गावाच्याच नावानं नोंदलेलं आहे. रिकामपण आणि देवळाली यांचा योग जुना आहे, एवढंच मला साडूंच्या फाटकाशी उतरताना वाटलं.

ग्रिल अंगणाच्या मधोमध एका तंगडीवर कलून उभं होतं. तीनपैकी उरलेल्या दोन तंगड्या आणि दोन अर्धगोल, एक खाली, एक वर झाकण. रंग मुळात काळा असावा; आता गंजाचा. पोस्टमनला ती डिश अँटेना वाटली होती, शेजारच्या मुलाला तोफेचा गोळा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी झाकण उचलून आत पाहिलं आणि विचारलं होतं, "नळी कुठाय याची?" त्यांना तो बंब वाटला.

भंगारवाला म्हणे, लॅम रोडवरचा एक बंगला रिकामा झाला त्यातला हा माल. साडू म्हणे, परदेशात नेमणूक झालेल्या कुणा साहेबानं आणला असणार. नाव, शिक्का, काही उरलेलं नव्हतं. पण या जातीचा मूळपुरुष ठाऊक आहे. 1952 साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाचा गृहस्थ वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला होता. तिथं पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनत. उघड्या शेगडीवर मांस भाजताना वारा, पाऊस आणि राख यांनी तो वैतागला होता. त्यानं एक बोया मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्याचं झाकण केलं. या माणसाला बारा मुलं होती. घरच्या गोंगाटातून अंगणात पळून जायला त्याला सबळ कारण होतं. आमच्या सुभेदारांना एकच मुलगी, तीही बंगळुरूला. त्यांचं कारण मी विचारलं नाही.

"झाकणाच्या आतून रंगाचे पोपडे सुटतायत," साडू म्हणाले. "सगळा खरवडून नवा मारायचा."

पोपडे रंगाचे नव्हतेच. वर्षानुवर्षांची चरबी आणि धूर जळून जमलेला तो कोळसा. बोटानं ओढला की चळतीनं निघतो. खाली एनॅमल होतं, म्हणजे पत्र्यावर सुमारे 800 अंशांना भाजून बसवलेली काच. ती गंजत नाही, फक्त जिथं टवका उडाला असेल तिथूनच गंज आत शिरतो. खरवडायला लोखंडी उलथनं घेतलं तर काचेवर ओरखडे, म्हणून मला लाकडी उलथनं मिळालं. ताईंच्या, म्हणजे साडूंच्या बायकोच्या, स्वयंपाकघरातून ते कुणी उचललं याची चौकशी दोन दिवस चालली.

तेलकट थर मात्र हटेना. साडूंनी तीन प्रकारची रसायनं मांडून ठेवली होती, रबरी हातमोज्यांसकट. सासूबाई पायरीवर बसून हे बघत होत्या. शेवटी उठल्या, शेजारच्या चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन आल्या, आणि झाकणाचा वीतभर भाग घासून आरशासारखा करून परत पायरीवर बसल्या. लाकडाच्या राखेत क्षार असतो, तो तेलाचा साबण करून टाकतो. हे साडूंनी मला समजावून सांगितलं, सासूबाईंना सांगायची त्यांची हिंमत झाली नाही.

काम करताना मध्येच रेंजवरून तोफ वाजे. साडू हात थांबवत, मान तिरकी करत. "वन फाइव्ह फाइव्ह." पुन्हा घासणं. पुन्हा धडाम. "ही दुसरी." 2018 च्या नोव्हेंबरात के-नाइन वज्र तोफा लष्करात दाखल झाल्या, तो समारंभ इथं देवळालीतच झाला, तेव्हापासून साडूंच्या कानाचा अभ्यासक्रम वाढलेला होता. माझ्या मते ते नुसते ठोकून देत होते. पण तपासणार कोण?

बाहेरून चकाकी हवी म्हणून आम्ही ते धूड रिक्षात घालून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नेलं, पावडर कोटिंगला. रिक्षावाल्यानं अर्धगोलाचं वेगळं भाडं घेतलं. कारखान्यातल्या पोरानं पत्र्यावर नख वाजवून पाहिलं.

"काका, यात काय ठेवणार?"

"निखारे."

"मग न्या परत. आमची पावडर दोनशे अंशांच्या आतबाहेर बसते. तुम्ही निखारे टाकलेत की ती उठणार आणि जेवणात जाणार. याच्यावर आहे तीच काच भारी आहे. टवक्यांना बाहेरून उष्णतारोधक रंग लावा, आतून तेल पुसा."

फुकट सल्ला मिळाला की साडूंना अपमान झाल्यासारखं होतं. ते चहा पाजूनच उठले.

कोळशाची जाळी गंजून पापड झाली होती. साडूंनी जुन्या खुराड्याची गॅल्व्हनाइज्ड जाळी कापून बसवायचा बेत केला, तो कॅम्पातल्या वेल्डरनं हाणून पाडला. "जस्ताचा धूर नको साहेब. ही जाळी वेल्ड केली की रात्री हुडहुडी भरून ताप येतो आम्हाला." त्यानं स्टेनलेसच्या सळ्यांची नवी जाळी करून दिली. बुडाची राख लोटणारी पाती एका जुन्या ताटातून कापली. मूठ सुतारानं बाभळीची केली. तिसऱ्या तंगडीचा प्रश्न मुलीच्या लहानपणच्या सायकलच्या पाइपनं सुटला. तो गुलाबी आहे.

आता कोळसा. कॅम्पात लाकडी कोळसा हमखास असतो तो इस्त्रीवाल्याकडे. त्यानं आधी साडूंच्या तीन पँटी इस्त्रीला घेतल्या, मग कोळशाचा भाव सांगितला. पावसाची भुरभुर चालू असल्यानं माल दमट होता.

मोहिमेचं अंतिम लक्ष्य कोंबडी होती. मसाला लावून फ्रिजमध्ये ठेवायची यादीसुद्धा झाली होती. सासूबाईंनी पायरीवरूनच विचारलं, "कालनिर्णय बघता का कधी?"

श्रावण लागून चार दिवस झाले होते. तोफखान्यात वरून आलेल्या हुकमावर चर्चा होत नाही. साडूंनी यादी घडी करून खिशात घातली आणि बाजारातून भरताची मोठी जळगावी वांगी, मक्याची कणसं आणि रताळी आणली.

पेटेना. साडूंनी झाकणाचा वरचा झरोका सताड उघडला, वर्तमानपत्रं घातली, पुठ्ठ्यानं वारा घातला. धूर भरपूर, निखारा नाही. लांबून आलेल्या धडामकडेही त्यांनी लक्ष दिलं नाही, इतकी परिस्थिती गंभीर होती.

"अहो जावईबापू, खालून कोंडलंय ते," सासूबाई म्हणाल्या. "शेगडीचं खालचं दार लावून कुणी वरून वारा घालतं का?"

त्यांनी पदर खोचला, बुडाचा दांडा सरकवला, अडकलेली राख खाली पाडली. देवळालीची ती प्रसिद्ध हवा खालून आत शिरली आणि थोड्याच वेळात कोळसा लाल झाला. या यंत्राची सगळी विद्या एवढीच आहे : खालून हवा घ्यायची, वरून सोडायची, दोन्हीकडच्या फटी कमीजास्त करून आच ठेवायची. सासूबाईंनी हे आयुष्यभर शेगडीवर केलं होतं, तेही एका कडेवर मूल घेऊन.

झाकणामुळे धूर आत कोंडून वांग्यात मुरला. भरीत असं झालं की साडूंना कोंबडीची आठवण निदान पानावर बसेपर्यंत तरी आली नाही. जेवणं झाल्यावर साडूंनी दोन्ही झरोके बंद केले. हवा तुटली की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. सकाळी सासूबाईंनी झाकण उघडून उरलेले कोळसे हातानं चाचपून पाहिले.

"वाचतो की कोळसा," त्या म्हणाल्या. "बरंय मग."

साडूंचा चेहरा पदक मिळाल्यासारखा झाला. मी पिशवी भरायला घेतली आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.

"कुठली गाडी?" सासूबाई म्हणाल्या. "आता हात बसलाच आहे दोघांचा, तर माळ्यावरचा माझा बंब काढा. बुडाला गळतोय. नाशकात तांबट लेनला न्यावा लागेल."

साडू शिडी आणायला गेलेसुद्धा होते. "पाहुणे," आतून हाक आली, "खालून धरा. जड आहे."