रा. रा. बिनचेहऱ्याचे चॅनेलवाले यांस



मायन्यात नाव घालायची आमच्याकडे रीत आहे. पण तुमच्या चॅनेलवर सगळीकडे बोटं दाबून पाहिली, नाव काही मिळालं नाही. एक ई-मेल तेवढा आहे, तोही 'फक्त जाहिरातीसाठी'. त्यामुळे मायना आमच्या अकलेनं घातला आहे. गोड मानून घ्यावा.

पत्रास कारण की, शिवाजी महाराजांचे सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांच्या सहा साथीदारांवरचा तुमचा व्हिडिओ आमच्या नेसरीत एसटी स्टँडपासून दूध डेअरीपर्यंत सगळ्यांनी पाहिला. फार ज्ञान मिळालं. नेसरीच्या खिंडीत बर्फ पडतो, हे साडेतीनशे वर्षं इथं राहून आम्हाला ठाऊक नव्हतं. इथं पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो, धुक्यानं काजूचा मोहर करपतो, एवढंच आम्ही समजून होतो. खिंड तर तुम्ही अशी खोल दाखवलीत की वर मान करून टोपी पडावी. गावातल्या एका आजींनी विचारलं, "ही आपली खिंड कधी एवढी झाली रं?" प्रतापरावांच्या घोड्याला एका दृश्यात पाच पाय आहेत. असू देत. लढाईचा प्रसंग, एखादा जादा असलेला बराच. मला सगळ्यात आवडला तो निवेदकाचा आवाज. भारदस्त, खर्जातला, कधीही खोकला न येणारा. हा आवाज 'सर' म्हणून थांबतो आणि मग 'नौबत' म्हणतो, जणू लंडनच्या राणीनं प्रतापरावांना किताबच दिला होता.

तुमच्या धंद्याची रीत गावातल्या पोरांनी मला नीट समजावून सांगितली. एका यंत्राला विषय द्यायचा, ते संहिता लिहितं. दुसऱ्याला संहिता द्यायची, ते बोलतं. तिसरं चित्रं काढतं, चौथं ती हलवतं. वर ढोल-ताशा. तुम्ही मधे कुठं असता, असं विचारल्यावर पोरं म्हणाली, "ते अपलोड करतात, आबा." एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास पाहणं झालं की यूट्यूब जाहिरातीच्या पैशात वाटा देतं, लांब व्हिडिओला तो शंभरातले पंचावन्न. आणि व्हिडिओ आठ मिनिटांच्या पुढं गेला की मधेही जाहिरात घालता येते. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की प्रतापराव घोड्यावर बसल्यापासून खिंडीत पोचायला साडेआठ मिनिटं का लागली. ऐन तलवार उपसताना कर्ज देणारं ॲप आलं, त्याचंही कोडं सुटलं.

आता जरा तुमच्या मुद्द्यावर येतो. १६७३ साली उमराणीला, म्हणजे आजच्या जत तालुक्यात, प्रतापरावांनी विजापूरच्या बहलोलखानाची पाणी तोडून कोंडी केली, खान शरण आला आणि त्यांनी त्याला सोडून दिलं. तो पुन्हा स्वराज्यावर उलटला. शिवाजी महाराज रागावले. खानाचा निकाल लावल्याशिवाय तोंड दाखवू नये, असा निरोप गेला. पुढं २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव सहा साथीदारांसह नेसरीच्या खिंडीत खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले, ते महाराष्ट्र जाणतो. तोंड दाखवायचं नाही म्हटल्यावर एक माणूस खिंडीत शिरला. तुम्ही तोंड न दाखवण्याचं महिन्याचं उत्पन्न लावून घेतलंत. काळ किती पुढं गेला!

तुमच्या व्हिडिओत सहा साथीदारांची नावं धडाधडा येतात, प्रत्येकाचा चेहरा, मिशा, बायकोचा निरोपसुद्धा. मला कुतूहल वाटलं म्हणून शोधत गेलो. त्या काळी इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी याने एप्रिल १६७४ मध्ये मुंबईला पत्र पाठवलं होतं. दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव सहा स्वारांसह पडले, बाकीचं सैन्य मागं आलं नव्हतं, असं त्यात आहे. सहा जणांचा आकडा तिथं आहे, नावं नाहीत. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीला बखर लिहिली, तिच्यात प्रतापराव पडल्याचं आहे, त्या सहांची यादी नाही. आज जी नावं आपण ऐकतो ती मागाहूनची, आणि त्यांचा समकालीन आधार दाखवणं अवघड आहे. ती म्हणू नयेत असं मी सांगत नाही. आमच्या खिंडीतल्या स्मारकापुढं आम्हीही सातांनाच हात जोडतो, आणि कुसुमाग्रजांच्या या सातांवरच्या कवितेचं लताबाईंनी गायलेलं गाणं लागलं की आमचाही गळा दाटतो. पण कवीनं कविता म्हणून लिहिली, खाली आपलं नाव लावलं. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणाऱ्या अगिनदासानं पोवाड्यातच आपलं नाव गुंफलं. नारायण शेणव्याचं पत्र चुकीचं वाटलं तर आजही त्याला नावानं खोडता येतं. तुमच्या व्हिडिओत खानाची फौज तिसाव्या सेकंदाला पंधरा हजार आहे आणि सहाव्या मिनिटाला पन्नास हजार. पस्तीस हजार माणसं मधल्या काळात कुठून आली, हे विचारायचं कुणाला? आवाजाला? तो तर त्याच दिवशी दुसऱ्या चॅनेलवर मूळव्याधीवर घरगुती उपाय सांगत होता.

बरं, धंदा तरी नीट चालला असता. पोरं सांगतात की मराठी प्रेक्षकाच्या जाहिरातीला भाव कमी, म्हणून हाच व्हिडिओ हिंदीत आणि इंग्रजीतही फिरतो. त्यातही भागेना झालं म्हणून आता 'चेहरा न दाखवता लाखो कमवा' असा कोर्स काढलात. म्हणजे खिंडीत सात शिरले, आणि त्यांच्या मागं तुम्ही हजारभर पोरं धाडणार, तीही फी घेऊन. माझ्या शेजारच्या पोरानं ती फी भरली. बापानं बी-खतासाठी ठेवलेले पैसे होते. त्याला पहिला धडा मिळाला तो असा: दुसऱ्यांचे चाललेले व्हिडिओ पाहा, तसेच करा. त्यानं नेसरीवरच व्हिडिओ केला. त्यात बर्फ आहे.

तिकडं यूट्यूबनं जुलै २०२५ मध्ये आपल्या नियमातलं एक कलम नव्यानं मांडलं: साच्यातून काढल्यासारख्या, ढिगानं टाकलेल्या व्हिडिओंना पैसे नाहीत. त्याआधी २०२४ पासून, यंत्रानं बनवलेली पण खरी वाटणारी दृश्यं असतील तर तसं सांगणं बंधनकारक झालं आहे. तुमच्या व्हिडिओखाली ती पाटी मला दिसली नाही. पाच पायांचा घोडा खरा वाटणार नाही, असा बहुधा तुमचा हिशेब असावा. तोही एक प्रकारचा प्रामाणिकपणाच.

तर विनंती एवढीच. यंत्र वापरा, आमची ना नाही. आमच्याकडं नांगर गेला, ट्रॅक्टर आला, कुणी रडत बसलं नाही. पण व्हिडिओखाली तीन ओळी लिहा: ही गोष्ट कुठून घेतली, कुठली चित्रं यंत्राची आहेत, आणि चुकल्यास कुणाला कळवायचं. कॉमेंट बंद ठेवल्यात त्या उघडा. आणि जमलं तर एकदा खिंड पाहून जा. गडहिंग्लजहून नेसरीची एसटी मिळते. उतरलात की कुणालाही विचारा. चहा आमच्याकडं. पैसे घेणार नाही, मधे जाहिरातही दाखवणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नेसरीकर
(पूर्ण नाव आणि पत्ता संपादकांकडे दिला आहे.)