एकरी उतारा

हळदीचा एकरी उतारा आमच्या हट्टा गावात कुणीही सांगेल, फक्त विचारणारा कोण ते आधी कळू द्या. पंचनाम्याला तलाठी आले तर आठ क्विंटल. पीककर्ज पाहिजे असलं तर अठरा. आणि दारात मुलीकडचे पाहुणे असले तर पंचवीसच्या खाली बोलणं म्हणजे घराण्याला बट्टा. रान तेच, बेणं तेच.

माझा पुतण्या कॉलेजच्या प्रकल्पासाठी छापील प्रश्नावली घेऊन गावभर फिरला. गुरुजींनी सांगितलं होतं, यादीतलं दर दहावं घर घ्यायचं, म्हणजे नमुना निःपक्षपाती. दहाव्या घराला कुलूप, माणसं रानात. मग पोरानं स्टँडवरच्या हॉटेलात बसून सगळे कागद भरले. निष्कर्ष निघाला की गावात बाया नाहीत, अन् दुपारी कुणालाच काम नसतं.

वयाच्या रकान्यात तर शून्य आणि पाच सोडून दुसरा आकडाच फिरकत नाही. आमच्या आजीनं साठ सांगितले. "रझाकारांच्या वक्ताला कुठं होतीस?" "परकर नेसत होते की!" म्हणजे १९४८. आजी एका वाक्यात पंचविशी ओलांडून पुढं गेली. जनगणनावाले दुष्काळ-पुरावरून वय काढतात ते उगाच नाही.

पण आकडा फुगवण्यात एकटा शेतकरी बदनाम का? सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीचे प्रयोग तपासले. कापणीचा तुकडा लहान घेतला की उत्पन्न जास्त दिसायचं. कारण काठावरचं ताट आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढायचा. लहान तुकड्याला त्याच्या मानानं काठ जास्त, म्हणून लबाडीही जास्त. दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस, त्यांचा भर लहान तुकड्यांवर. दोघांचा वाद चांगलाच रंगला. विळ्याला तर काही पदवी नव्हती!

माझ्या मते खरं संशोधन सोयरीक जुळवणाऱ्यांनीच करावं. पुतण्याला बघायला आलेले पाहुणे आधी घरी आलेच नाहीत. कृषी केंद्रात उधारी विचारली, कटिंगच्या दुकानात पोराचं वळण विचारलं, बांधावर जाऊन बोअरचं पाणी बघितलं, वसमतला आडतीवर चक्कर मारली. संध्याकाळी चहाला टेकले. आमच्या दादांनी घसा खाकरून "एकरी पंचवीस" म्हणायला तोंड उघडलं, तोवर पाहुण्यांनीच उतारा सांगितला. काट्यावरचा, ओलीची घट वजा करून.