थेट कार्डाशी

आमच्या मेहकरात वायफाय आलं आणि भालकी तालुक्यातल्या बाकी पाहुण्यांसारखं लगेच रुसायलाही शिकलं. मी कॉम्प्युटरवाला, म्हणून नेट मंद झालं की दोष माझा. दिवाळीत पोचतो न पोचतो तोच काका म्हणाले, “नेट का अडकालंय बघ की रे.” मी लॅपटॉपला केबल लावली आणि रॉ सॉकेट उघडायला बसलो.

एरवी प्रोग्राम आणि नेटवर्क कार्ड यांच्यामध्ये कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, असतो. पत्ते तो लिहितो, तुकडे तो जुळवतो, हरवलेलं तो परत मागवतो. प्रोग्रामच्या ताटात नुसता मजकूर पडतो. लिनक्समध्ये ‘एएफ पॅकेट’ जातीचं रॉ सॉकेट उघडलं की हे लाड बंद. कार्डावर आलेली फ्रेम जशीच्या तशी समोर: 6 बाइट घेणाऱ्याचा मॅक पत्ता, 6 बाइट देणाऱ्याचा, 2 बाइट आत कोणता माल आहे याचे. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

अर्थात आधी ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ हे ऐकून घ्यावं लागतं. रूट व्हा, नाहीतर ‘कॅप नेट रॉ’ हा खास अधिकार आणा. रास्तच आहे; इथे देणाऱ्याचा पत्ताही आपणच लिहायचा, म्हणजे खोटा लिहायला कोण अडवणार? मायक्रोसॉफ्टने तर 2004 साली एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये रॉ सॉकेटवरून टीसीपी पाठवणंच बंद केलं.

खरी मजा आकड्यांची. ‘सगळ्या फ्रेम दे’ हे सांगायला 3 हा आकडा द्यायचा, पण उलटा करून. नेटवर्कवर मोठा बाइट आधी जातो, इंटेलच्या लॅपटॉपमध्ये लहान आधी ठेवतात. फिरवलं नाही तर 3 चा 768 होतो आणि सॉकेट ढिम्म बसून राहतं. बाहेरगावच्या पोरांना हे समजायला वेळ लागतो. आमच्या सीमाभागात ती बाजारात लहानपणीच शिकतात. कानडी माणूस ‘इप्पत्तैदु’ म्हणतो, आधी वीस, मग पाच. आपण पंचवीस म्हणतो, आधी पाच, मग वीस. (एकशे पंचवीस म्हणताना आपण मोठं, लहान, मधलं अशा क्रमाने जातो. त्यावर आपण न बोललेलं बरं.) या भांडणाला ‘बिग एंडियन’ आणि ‘लिटल एंडियन’ ही नावं डॅनी कोहेन यांनी 1 एप्रिल 1980 च्या टिपणात दिली. मूळ स्विफ्टच्या ‘गलिव्हर’मधलं: अंडं कोणत्या टोकाने फोडावं यावरून युद्ध. सीमाभागातल्या माणसाला यात हसण्यासारखं काय आहे ते चटकन कळत नाही.

तर फ्रेम येऊ लागल्या. काकू मागून डोकावली. “मी मोबाइलवर काय बघते ते दिसालंय का त्यात?”

“तू बघतेस त्याच्या फ्रेम तुझ्या फोनलाच जातात, माझ्या केबलवर येतच नाहीत.”

काकू निर्धास्त होऊन चकल्यांकडे गेली.

मग मी हाताने एक एआरपी, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारणारी फ्रेम, लिहिली. 14 बाइटांचं डोकं, 28 बाइटांचा प्रश्न: ‘192.168.1.7 कोण? मला सांगा.’ घेणाऱ्याच्या जागी सहाच्या सहा बाइट एफएफ, म्हणजे घरातल्या सगळ्यांना हाळी. 42 बाइट इथरनेटला तोकडे पडतात, म्हणून मागे शून्यं जोडून 60 केले जातात, आणि वर तपासणीचे 4 बाइट कार्ड आपल्या मनाने चिकटवतं. थेट म्हणता म्हणता इथेही कुणीतरी मध्ये हात घालतंच.

उत्तर लगेच आलं. मॅक पत्त्याच्या पहिल्या 3 बाइटांवरून बनवणारी कंपनी कळते. ती टीव्हीची निघाली.

“टीव्ही?” काका उठलेच. “त्यो तर बंद हाय की!”

टीव्ही काळाठिक्कर होता. खाली तेवढा लाल दिवा. काकांनी त्याच्याकडे रंगेहाथ सापडलेल्या सालगड्याकडे बघावं तसं बघितलं आणि प्लग उपटला.

नेटचा वेग तसूभरही वाढला नाही. पण फराळाला येईल त्याला काका सांगत होते, आमच्या पोरानं टीव्हीला बोलतं केलं.